आइसलंडच्या एयाफ्योर्दुरमध्ये वसंतात देवमासे बघायला जायचंय? मग हे नीट वाचून जा

आईला देवमासा बघायचा होता, जिवंत, पाण्यातला. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू वाहून आलं होतं ते आठवत असेल तुम्हाला, लोक ४० तास त्याला परत समुद्रात सोडायला धडपडत होते आणि शेवटी ते वाचलं नाही. आमचं घर गुहागरला, त्यामुळे आमच्याकडे ती बातमी कुणी शेजारचं गेल्यासारखी आली. तेव्हा आई म्हणाली, एकदा तरी धडधाकट देवमासा बघायचाय गं. मी हॅम्बुर्गला राहते, त्याआधी दोनदा आइसलंडला जाऊन आले होते, एकदा मार्चअखेर आणि एकदा एप्रिलमध्ये, मग आईबाबांचा व्हिसा झाल्यावर मेमध्ये त्यांना घेऊन गेले. तेव्हापासून ओळखीतले चार-पाच जण विचारून गेले की कसं जायचं, कुठली बोट घ्यायची, थंडी किती असते, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी जागा समजून घ्या

एयाफ्योर्दुर म्हणजे आइसलंडच्या उत्तर किनाऱ्यावरचा सगळ्यात लांब फ्योर्ड, साधारण ६० किलोमीटर आत शिरलेला. फ्योर्ड म्हणजे आपल्या दाभोळच्या खाडीसारखं काहीतरी डोळ्यासमोर आणा पण दोन्ही बाजूला हजार-बाराशे मीटरचे बर्फाचे डोंगर थेट पाण्यात उतरलेले आणि पाणी किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खूप खोल. हे सगळं हिमनद्यांनी कोरलेलं. टोकाला आत आकुरेरी नावाचं गाव आहे, आइसलंडमधे रेक्याविकच्या आसपासचा भाग सोडला तर हेच मोठं शहर, म्हणजे जेमतेम वीस हजार वस्ती. मधोमध ह्रीसेय नावाचं बेट, आणि फ्योर्डचं तोंड उत्तरेला उघडतं, पलीकडे ग्रिमसे बेट जिथून आर्क्टिक सर्कल जातं.

देवमासे इथे येतात ते खायला. हिवाळाभर अंधार असतो, मग मार्चनंतर ऊन वाढतं, बर्फ वितळून नद्यांचं पाणी येतं, त्यात पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती झपाट्याने वाढतात, त्यावर क्रिल वगैरे बारीक जीव, त्यावर कॅपलिन आणि हेरिंगसारखे मासे, आणि या सगळ्यांवर हंपबॅक जातीचे देवमासे. हे हंपबॅक हिवाळ्यात कॅरिबियनकडे किंवा आफ्रिकेच्या पश्चिमेला केप व्हर्देकडे प्रजननासाठी जातात, तिथे महिनोनमहिने जवळजवळ काहीच खात नाहीत, आणि हजारो किलोमीटर पोहून परत येतात तेव्हा अक्षरशः भुकेलेले असतात. काही जण तर जातच नाहीत, हिवाळाभर इथेच राहतात. म्हणून वसंतातले देवमासे जास्त वेळ खाण्यात गुंतलेले दिसतात आणि जिथे खाणं तिथेच तासनतास राहतात, बघणाऱ्याला याहून काय पाहिजे.

कधी जायचं

हा प्रश्न सगळे विचारतात आणि सगळ्यांना एकच महिना ऐकायचा असतो, पण वसंत म्हणजे तिथे तीन वेगवेगळे ऋतू आहेत.

मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. पूर्ण बर्फ, दिवस साधारण १३ तासांचा, सूर्य खाली असतो त्यामुळे प्रकाश दिवसभर तिरका आणि सोनेरी, देवमाशाने श्वास सोडला की ती वाफ उन्हात हवेत लटकून राहते. रात्री आकाश साफ असेल तर नॉर्दर्न लाइट्सही दिसू शकतात. पण थंडी खरी, फेऱ्या दिवसाला एखाद-दुसरी, आणि ट्रिप रद्द व्हायची शक्यता जास्त. माझ्या पहिल्या खेपेला दोनपैकी एक रद्द झाली.

एप्रिलचा उत्तरार्ध मला स्वतःला सगळ्यात आवडतो. डोंगर अजून पांढरे, दिवस १६-१७ तासांचा, पफिन पक्षी समुद्रावरून परत यायला लागलेले, आणि गर्दी नाही. एक लक्षात ठेवा, ईस्टरच्या सुट्टीत बरीच दुकानं बंद असतात, आणि १९ ते २५ एप्रिलच्या मधल्या गुरुवारी तिथे 'उन्हाळ्याचा पहिला दिवस' म्हणून राष्ट्रीय सुट्टी असते, त्या दिवशी बर्फ पडला तरी मुलं मिरवणुका काढतात. इस्टरच्या सुमाराला अचानक थंडीची लाट येते तिला त्यांच्याकडे वेगळं नावच आहे, 'पाउस्काहरेत', म्हणजे हे नेहमीचंच आहे, तेव्हा तारखा बघून घाबरू नका पण तयारीत राहा.

मे. आईबाबांना नेणार असाल, लहान मुलं असतील, किंवा पहिल्यांदाच जात असाल तर मे महिन्याचा मध्य धरा. जवळपास २० तास उजेड, रस्ते मोकळे, फेऱ्या जास्त, समुद्र बऱ्यापैकी शांत. निळा देवमासा बघायची आस असेल तर मेअखेर ते जून आणि एयाफ्योर्दुरपेक्षा शेजारच्या स्क्यालफांदी उपसागरातलं हुसाविक गाव बरं, तिथे या दिवसांत निळे देवमासे येतात. येतात म्हणजे रोज दिसतात असं नाही.

तीन दिवस ठेवा आणि दोन ट्रिप बुक करा

पूर्ण लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. लोक काय करतात, आठ दिवसांत अख्खा आइसलंड गोल फिरायचा प्लॅन, त्यात आकुरेरीला एक रात्र, सकाळी देवमासे आणि दुपारी पुढे. वारा सुटला की ट्रिप रद्द, पैसे परत मिळतात पण दिवस परत मिळत नाही. तुम्ही भारतातून एवढा खर्च करून येताय तर तीन रात्री आकुरेरीतच मुक्काम करा, आणि पहिली ट्रिप पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची घ्या, शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी टाकता येते. झाली आणि देवमासा दिसला तरी दुसरी ट्रिप कराच, शक्यतो वेगळ्या बंदरावरून. पहिल्या ट्रिपला माणूस नुसता भांबावलेला असतो, कुठे बघू, कॅमेरा काढू की हातमोजे घालू, यातच अर्धा वेळ जातो. दुसऱ्या ट्रिपला तुम्ही खरं बघता. आई दुसऱ्या दिवशी म्हणाली, काल मी फक्त शेपटी बघितली, आज मासा बघितला.

बऱ्याच कंपन्यांचा असा नियम असतो की देवमासा दिसलाच नाही तर पुढची ट्रिप फुकट. ऐकायला छान आहे, पण तुमच्याकडे दुसरा दिवस असेल तरच त्याचा उपयोग.

पोचायचं कसं

व्हिसा शेंगेन. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि मेसाठी जात असाल तर अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून फेब्रुवारीतच हालचाल सुरू करा. प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा लागतो, घेताना त्यात बोटीच्या सफरी चालतात ना ते वाचून घ्या.

रेक्याविकहून आकुरेरी साधारण ३९० किलोमीटर. आइसलंडमध्ये रेल्वे नाहीच. विमानाने पाऊण तास, पण ते विमान रेक्याविक शहरातल्या छोट्या विमानतळावरून सुटतं, तुम्ही बाहेरून उतरता तो केफ्लाविक वेगळा, मधे पाऊण-एक तासाचा रस्ता आहे, तेव्हा दोन विमानांत भरपूर वेळ ठेवा. बस आहे ५७ नंबरची, साडेसहा तास घेते. गाडी घेतली तर पाच तास म्हणतात पण थांबत थांबत सात धरा.

गाडीबद्दल थोडं जास्त सांगते कारण वसंतात इथेच लोक फसतात. आकुरेरीच्या अलीकडे ऑक्स्नादाल्सहेइदी नावाचा घाट लागतो, ५०० मीटरच्या वर, रेक्याविकला ऊन असलं तरी तिथे एप्रिलमध्ये बर्फाचं वादळ असू शकतं आणि रस्ता बंद होऊ शकतो. निघण्याआधी रस्त्यांची सरकारी साइट बघायची, 'उमफेर्दिन', तिथे प्रत्येक रस्ता रंगाने दाखवलेला असतो, आणि हवामानासाठी 'वेदूर'. दोन्हींचं इंग्रजी व्हर्जन आहे. रस्ता बंद असेल तर बंद, तिथे 'बघू जाऊन' चालत नाही. आणि गाडीचं दार उघडताना हाताने घट्ट धरून उघडा, वाऱ्याने दार उलटं वळतं आणि त्याचे पैसे विम्यात बहुतेक धरत नाहीत. आकुरेरीहून हुसाविकला जाताना साडेसात किलोमीटरचा बोगदा लागतो, त्याला टोलनाका नाही, ऑनलाइन भरायचा असतो, तो विसरू नका.

कुठल्या बंदरावरून

आकुरेरीतूनच बोटी सुटतात, चालत जाता येतं, बोटी मोठ्या, बंद आणि गरम केबिन, टॉयलेट, कॅन्टीन. गाडी नसेल किंवा वयस्कर माणसं असतील तर हेच. फक्त एक, आकुरेरी फ्योर्डच्या अगदी आतल्या टोकाला आहे आणि देवमासे बऱ्याचदा बाहेरच्या बाजूला ह्रीसेयच्या आसपास असतात, त्यामुळे तीन तासांतला बराच वेळ जाण्यायेण्यात जातो. पण तो प्रवासही बघण्यासारखाच आहे.

तिथून उत्तरेला पश्चिम किनाऱ्याने गेलं की २० किलोमीटरवर ह्याल्टेरी, एकेकाळी हेरिंगचा मोठा कारखाना होता ते छोटंसं गाव. इथून देवमासे जवळ, कधीकधी धक्क्यावर उभं राहूनसुद्धा दिसतात. अजून पुढे, आकुरेरीहून साधारण अर्ध्या तासावर हॉयगानेस, शंभर-सव्वाशे लोकांचं कोळ्यांचं गाव, इथे १९९३ पासून देवमाशांच्या सफरी चालतात, देशातल्या सगळ्यात जुन्यांपैकी, आणि बोटी जुन्या ओकच्या लाकडाच्या. मला सगळ्यात जास्त हॉयगानेस आवडलं. लाकडी बोटीचा आवाज वेगळा, माणसं कमी, आणि आमच्या वेळचा कॅप्टन ज्या पद्धतीने पाण्याकडे बघत होता ते बघून बाबांना आमच्या गुहागरच्या तांडेलांची आठवण झाली. त्याच्या पुढे दालविक, तिथल्या ट्रिपमध्ये परत येताना गळ टाकून मासे पकडायला देतात आणि धक्क्यावर ते भाजून खायला देतात. मासेखाऊ कुटुंब असेल तर पोरं खूश.

बोटीचे प्रकार तीन धरा. मोठी बोट, लाकडी बोट आणि रिब, म्हणजे रबरी हवेच्या काठांची स्पीडबोट. रिब दोन तासांत जास्त अंतर कापते आणि तुम्ही पाण्याच्या जवळ असता हे खरं, पण ती आपटते, टॉयलेट नाही, आणि पाठीचा त्रास असेल, गरोदर असाल, लहान मूल असेल तर घेतच नाहीत. वसंतातल्या थंडीत त्या वेगाने तोंडावर येणारा वारा म्हणजे काय ते मी एप्रिलमध्ये अनुभवलं, अर्धा तास मला बोटं जाणवत नव्हती. माझं मत विचाराल तर वसंतात रिब नको. तीन तासांच्या साध्या ट्रिपला माणशी १० हजार क्रोनाच्या वरच जातात, रिबला त्याहून बरेच जास्त. कार्ड सगळीकडे चालतं, नोटा बदलून घ्यायची गरज नाही.

वारा कसा वाचायचा

लोक पाऊस बघतात. पावसाने काही बिघडत नाही, बघायचा असतो वारा. वेदूरवर वारा मीटर प्रति सेकंदात देतात. तीन-चार असेल तर पाणी आरशासारखं, लगेच निघा. सहाच्या पुढे गेला की पाण्यावर पांढरा फेस उठायला लागतो आणि मग दुरून देवमाशाचा फवारा ओळखणं अवघड होतं, कारण सगळीकडेच पांढरं. दहाच्या आसपास गेलं की कंपनी स्वतःच विचार करायला लागते.

दिशाही महत्त्वाची. फ्योर्ड उत्तरेला उघडा आहे म्हणून उत्तरेचा वारा थेट आत घुसतो, सोबत खुल्या समुद्राच्या लाटा. दक्षिणेचा वारा जमिनीवरून येतो, त्याला तेवढी लाट नसते. आणि शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ना, ते इथे अगदी डोळ्यांनी दिसतात, मेमध्ये छान ऊन पडलं की दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात, तिथे त्याला हाफगोला म्हणतात, आणि सकाळी काचेसारखं असलेलं पाणी दोन-तीन वाजता कुरकुरायला लागतं. म्हणून चांगल्या हवेच्या दिवशी सकाळचीच बोट घ्यायची.

अंगावर काय घालायचं

पाण्याचं तापमान तीन-चार डिग्री आणि बोट चालू असताना वारा, म्हणजे किनाऱ्यावर आठ डिग्री असेल तरी बोटीवर शून्याखाली वाटतं. जवळजवळ सगळ्या बोटींवर जाड ओव्हरऑल देतात, अंगावर चढवायचा आणि चेन लावायची. पण आत तुमचे कपडे नीट हवेत. सगळ्यात आत थर्मल, मग लोकरीचा स्वेटर, मग पातळ जॅकेट. जीन्स नको, ती भिजली की वाळत नाही आणि थंडी धरून ठेवते. कॉटनचे मोजे तर मुळीच नकोत, लोकरीचे दोन जोड. पाय लोखंडी किंवा लाकडी डेकवर तीन तास असतात, थंडी खालूनच चढते. कान झाकणारी टोपी, आणि हातमोजे असे की बोटाचं टोक उघडता येईल नाहीतर फोटोसाठी काढता आणि एक हमखास हरवतो. गॉगल पोलराइज्ड असेल तर पाण्यावरची चकाकी कमी होते आणि पृष्ठभागाखालून जाणारी फिकट हिरवी सावली दिसते, ती हंपबॅकच्या पांढऱ्या परांची असते. हे पर त्याच्या अंगाच्या जवळजवळ एक तृतीयांश लांब असतात.

आईने सलवार-कमीझवरच ओव्हरऑल चढवला, ओढणी आत कोंबली, आणि मस्त चाललं. साडी मात्र नको, शिडी चढायची असते.

बोट लागते त्यांच्यासाठी

फ्योर्डमधे पाणी समुद्रापेक्षा शांत असतं हे बरोबर पण बोट देवमाशाजवळ इंजिन हळू करून थांबते तेव्हा डोलते, आणि लोकांना बोट लागते ती त्या थांबलेल्या वेळात. ज्यांना एसटी लागते, घाटात गाडी लागते, त्यांनी गृहीतच धरा. गोळी बोट सुटण्याआधी एक-दोन तास घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आपल्याकडच्या ॲव्होमिन किंवा स्टुजेरॉन भारतातूनच न्या, आणि बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून नंतर गाडी चालवणाऱ्याने जपून.

उपाशी पोटी जाऊ नका, हे मला माझ्या पहिल्या ट्रिपने शिकवलं, सकाळी गडबडीत फक्त कॉफी पिऊन गेले आणि पहिला तास रेलिंगला धरून काढला. कोरडं काहीतरी खा, टोस्ट, खाकरा, दशमी. आईने आल्याच्या वड्या नेल्या होत्या, त्या आमच्या बोटीवरच्या एका जर्मन आजोबांनाही लागू पडल्या. केबिनमध्ये खाली बसू नका, मोबाइलमध्ये बघू नका, बोटीच्या मध्यावर खालच्या डेकवर बाहेर उभं राहा आणि लांब डोंगरांच्या रेषेवर नजर ठेवा. वरचा डेक जास्त डोलतो.

आता बोटीवर, बघायचं कसं

गाइड घड्याळाच्या भाषेत सांगतात. बोटीचं नाक म्हणजे १२ वाजले, उजवी बाजू ३, शेपूट ६, डावी ९. 'टू ओ क्लॉक' ऐकलं की समोरून थोडं उजवीकडे. हे आईबाबांना आदल्या रात्रीच ताटलीवर चमचे ठेवून समजावून सांगा, बोटीवर वेळ मिळत नाही.

सुरुवातीला देवमासा शोधूच नका. पक्षी शोधा. फुलमार आणि किटीवेक घिरट्या घालत एकाच जागी उतरत असतील तर खाली मासे वर आलेत, आणि मासे वर आलेत म्हणजे खालून कुणीतरी ढकलतंय. मग क्षितिजावर नजर डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायची, एका जागी टक लावून नाही, आणि फवारा दिसतो तो. हंपबॅकचा फवारा झुडपासारखा, तीनेक मीटर उंच, पसरट. निळ्या देवमाशाचा नऊ-दहा मीटरचा सरळ खांब. मिंकी देवमाशाचा दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, त्याची फक्त काळी पाठ आणि कोयत्यासारखा पर दिसतो आणि गायब. पाण्यात छोटा काळा त्रिकोण दोनदा वळला आणि गेला, तर तो पॉरपॉइज, डॉल्फिनचाच छोटा भाऊबंद. पांढऱ्या चोचीचे डॉल्फिन आले तर ते बोटीबरोबर स्वतःच खेळायला येतात, आपल्या कोकणातल्या डॉल्फिनपेक्षा जाडजूड.

हंपबॅक सापडला की त्याची लय मोजा. तो वर येतो, तीन-चार-पाच श्वास घेतो, प्रत्येक श्वासामधे काही सेकंद, आणि मग पाठ नेहमीपेक्षा जास्त वाकवतो. ती वाकलेली पाठ दिसली की शेपूट वर येणार, म्हणजे तो खोल बुडी मारणार. पाठ वाकण्याच्या आधी कॅमेरा डोळ्याला हवा, नंतर नाही. बुडी साधारण पाच ते दहा मिनिटं. तो गेला तिथे पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल राहतो, ती त्याच्या शेपटीची खूण, तो गोल हळूहळू विरतो. या दहा मिनिटांत सगळे कंटाळून कॉफी आणायला जातात, आणि माझ्यासाठी ट्रिपमधला सगळ्यात चांगला वेळ हाच. इंजिन जवळजवळ बंद, डोंगरावरून बर्फाचं पाणी खाली येताना ऐकू येतं, कुणी बोलत नाही. मग मागून, अगदी अपेक्षा नसताना, मोठा फुस्स आवाज येतो आणि तुम्हाला तो दिसायच्या आधी ऐकू येतो.

वारा तुमच्याकडे असेल तर वासही येतो. आम्ही कोकणातले, सुकटीच्या वासाला घाबरत नाही, पण हा त्याच्या फार पलीकडचा.

मे महिन्यातल्या दुसऱ्या ट्रिपला एक हंपबॅक बोटीच्या डाव्या बाजूला वर आला, कॅप्टनने इंजिन आधीच बंद केलं होतं, तो आपणहून जवळ आला. कुशीवर वळला, एक लांब पांढरा पर पाण्याबाहेर काढला आणि तसाच काही क्षण राहिला. बाबा आयुष्यात कधी फारसं बोलले नाहीत, त्यांनी आईचा हात धरला. आई रडत होती. मी फोटो काढला नाही आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

फोटोचं थोडक्यात

फोनने शेपटीचा फोटो चांगला येत नाही, फोनवर व्हिडिओ घ्या, झूम न करता, डोंगरासकट. कॅमेरा असेल तर ३०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरते, शटर १/१००० किंवा जास्त वेगवान, बर्स्ट मोड. थंडीत बॅटरी पटकन उतरते, जास्तीची आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. खारं पाणी उडतं म्हणून सुती रुमाल दोन. ड्रोन नेऊ नका.

बोट कशी वागते ते बघा

गोव्यात आणि आपल्याकडे कोकणातसुद्धा डॉल्फिन दाखवायला नेतात तेव्हा चार-चार बोटी एकाच कळपाच्या मागे फुल स्पीडने लागतात, हे मी लहानपणापासून बघितलंय आणि प्रत्येक वेळी पोटात कालवतं. चांगली बोट कशी ओळखायची ते इथे शिकायला मिळतं. देवमासा दिसला की ती लांबूनच वेग कमी करते, थेट समोरून किंवा पाठीमागून जात नाही, बाजूने समांतर चालते, वाट अडवत नाही, घेरत नाही, जवळ गेली की पंखा फिरायचा थांबवते, आणि ठरावीक वेळाने तिथून निघते. दुसरी बोट आधीच असेल तर लांब थांबते. आइसलंडमधल्या बऱ्याच कंपन्यांनी मिळून असे नियम स्वतःवर घालून घेतलेत. बुक करताना त्यांच्या साइटवर हे लिहिलंय का बघा, आणि गाइडला सरळ विचारा, आपण किती जवळ जाणार. 'अगदी हात लावता येईल एवढं' असं कुणी म्हणालं तर दुसरी कंपनी शोधा.

आणखी एक. आइसलंडमध्ये काही रेस्टॉरंटच्या मेनूवर देवमाशाचं मांस असतं, बऱ्याचदा पर्यटकांसाठीच. सकाळी ज्याला बघून डोळे भरून आले त्याला रात्री ताटात बघू नका. मागवू नका, चाखायलाही नको.

वयस्कर आईबाबा असतील तर

धक्क्यावरून बोटीत जायला छोटा पूल किंवा पायरी असते, ओहोटीला उतार वाढतो, गुडघेदुखी असेल तर आधी मेल करून विचारा, ते वेळ सांगतात. वीस मिनिटं आधी पोचा, ओव्हरऑल चढवायलाच दहा मिनिटं जातात. टॉयलेटला ओव्हरऑल घालण्याआधी जाऊन यायचं, नंतर ते प्रकरण मोठं होतं. थर्मासमधे आपला चहा न्या. बाबांसाठी छोटी दुर्बीण नेली होती, ८ बाय ४२, तिचा कॅमेऱ्यापेक्षा जास्त उपयोग झाला.

परत आल्यावर

गारठलेलं अंग घेऊन हॉटेलवर झोपू नका. आकुरेरीचा सार्वजनिक तलाव जमिनीतल्या गरम पाण्याचा आहे, बाहेर उघड्यावर, तिथे तासभर बसा. आधी कपडे काढून साबणाने अंघोळ करणं सक्तीचं आहे, आणि ते सामायिक शॉवरमध्ये, आईला हे आधी सांगून ठेवा नाहीतर तिथे गेल्यावर अडचण होते. हॉयगानेसला बोट घेतली असेल तर तिथेच किनाऱ्यावर गरम पाण्याचे टब आहेत, त्यातला एक बोटीच्या आकाराचा, त्यात बसून समोर तोच फ्योर्ड.

रात्री फोटो बघताना शेपटीच्या खालच्या बाजूचे जे स्वच्छ आलेत ते वेगळे काढा. हंपबॅकच्या शेपटीखालचे काळे-पांढरे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. हॅपीव्हेल नावाची साइट आहे, तिथे फोटो, तारीख आणि जागा टाकली की ते जगभरातल्या फोटोंशी जुळवून बघतात, फुकट आहे, आणि जुळलं तर मेल येतो. फोटो छान नसला तरी चालतो, ठिपके दिसले पाहिजेत. मी एप्रिलमधल्या ट्रिपचे तीन टाकले होते. दोन जुळले नाहीत, तिसऱ्याचा मेल ऑगस्टमध्ये आला, तो देवमासा त्याआधीच्या उन्हाळ्यातही याच फ्योर्डमध्ये कुणालातरी दिसला होता. आईने ती शेपूट छापून गुहागरच्या घरात देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर लावली आहे.